रुमालाखालचं इंग्रजी

इंग्रजीचा पेपर बरा गेला होता. बरा म्हणजे, या खेपेला एकही प्रश्न कोरा सोडला नव्हता, आणि हे वैद्यबाईंना कधी एकदा सांगते असं मला झालं होतं. नेवाशाहून निघालेली एसटी घोडेगावच्या स्टँडवर थांबली, तर खाली माझ्या सासूबाई उभ्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माहेराहून दोन-दोन पिशव्या घेऊन आले तरी त्या कधी मला घ्यायला आलेल्या नाहीत. त्या दिवशी मात्र सकाळी सोडायलाही आल्या होत्या, आणि रोजच्या गल्लीतून न नेता जनावरांच्या बाजारतळाला वळसा घालून त्यांनी मला स्टँडवर आणलं होतं. वाटेत कोणी बोलत बसू नये म्हणून असेल, असं मला वाटलं होतं. आता त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली आणि विचारलं, "समदं लिवलं का?" मी हो म्हटलं. मग म्हणाल्या, "बाई गेल्या गं... काल सांजच्यालाच. आज सकाळी समदं उरकलं."

मी तिथेच स्टँडच्या कट्ट्यावर बसले. मी सकाळी एसटीत शेवटची उजळणी करत होते, तेव्हा त्या रोजच्या गल्लीत, बाईंच्या दारात, माणसं जमली होती. मी पेपर लिहीत होते, तेव्हा बाईंना नेलं. आणि ही गोष्ट आमच्या वस्तीत, गावात, सगळ्यांना ठाऊक होती, फक्त मला नव्हती.

वैद्यबाई मूळच्या श्रीरामपूरच्या. आमच्या गावच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायला आल्या आणि निवृत्त झाल्यावरही इथेच राहिल्या. लग्न केलं नव्हतं. स्वभाव कडक. वर्गात उशिरा येणाऱ्या बाईला आधी बोलणी बसायची आणि मग पाण्याचा तांब्या पुढे व्हायचा. निवृत्तीनंतर स्वस्थ बसवेना, म्हणून त्यांनी आमच्यासारख्या, शाळा अर्ध्यात सुटलेल्या बायकांचा वर्ग सुरू केला. बाहेरून दहावीला बसायचं म्हणजे सतरा नंबरचा फॉर्म. तो भरताना सगळ्याजणी हुशार असतात. मराठीची मला कधीच भीती नव्हती, इतिहासात तर गोष्टीच असतात. अडायचं ते इंग्रजीत. आणि माझं अडून चालणार नव्हतं. मी वस्तीतल्या अंगणवाडीत मदतनीस होते. सेविकाबाई येत्या उन्हाळ्यात सोडून जाणार होत्या, आणि त्यांच्या जागी दहावी झालेलीच बाई घेणार होते. खिचडी शिजवायची, पोरांची नाकं पुसायची, रडणाऱ्याला कडेवर घ्यायचं, हे सगळं मी करत होते. पण पोरांना गाणी शिकवायला, गोष्टी सांगायला मला पुढे उभं राहायचं होतं. ती एकच जागा मला आयुष्यात हवीशी वाटली.

वर्ग आमच्या विहाराशेजारच्या खोलीत दुपारी भरायचा. गावातल्या काहीजणी आधी तिथे यायला का-कू करत होत्या; पण इंग्रजीची धास्ती सगळ्यांना सारखीच, त्यामुळे हळूहळू आल्या. आल्या खऱ्या, पण तोंड कोण उघडणार? शेजारीण चुकलेलं ऐकेल, घरी जाऊन सांगेल, जावा हसतील. बाई प्रश्न विचारायच्या आणि आम्ही पदर सारखा करत खाली बघायचो. बाई हैराण झाल्या. एकदा बाजारच्या दिवशी त्या तळावरून येत होत्या, तेव्हा त्यांनी दोन माणसं एका रुमालाखाली हात घालून मुकाट उभी असलेली पाहिली. त्यांतले एक माझे सासरे. ते जनावरांची दलाली करायचे. रुमालाखाली बोटं दाबून भाव सांगायचा, म्हणजे भोवतीच्या गर्दीला कळत नाही, ही आमच्या बाजाराची जुनी रीत.

बाई तडक आमच्या घरी आल्या आणि म्हणाल्या, "मला हे शिकवा." सासरे घाबरले. परक्या बाईचा हात धरायचा कसा? माझा तर प्रश्नच नव्हता, मी सून. शेवटी त्यांनी सासूबाईंना बोलावलं, रुमाल टाकला, त्यांची बोटं दाबून एकेक खूण सांगितली, आणि सासूबाईंनी त्या खुणा बाईंच्या हातावर केल्या. सासूबाई हसून हसून लाल. "आवो बाई, नातवंडं झाली," त्या म्हणाल्या, "आन् म्हाताऱ्यानं चारचौघांत हात आज धरला!" सासरे रुमाल तिथेच टाकून गोठ्यात निघून गेले.

दुसऱ्या दिवसापासून वर्गाचा रंग बदलला. बाई प्रश्न वाचायच्या, चार उत्तरं सांगायच्या, आणि मांडीवर रुमाल पसरून एकेकीला जवळ बोलवायच्या. पहिलं उत्तर वाटलं तर एक बोट दाबायचं, दुसरं वाटलं तर दोन. बरोबर असेल तर बाई तळहात दाबायच्या. चुकलं तर करंगळी हलकेच मुडपायच्या, म्हणजे पुन्हा विचार कर. कोण चुकलं ते तिचं तिला आणि बाईंना माहीत. त्या रुमालाखाली आम्ही किती चुकलो असू... पण चुकायला लागलो म्हणून शिकायला लागलो. बाईंचा हात थंडगार असायचा. तळहात दाबला गेला की दिवसभर कामाचा शीण वाटत नसे.

आणि मग मार्चचा पेपर. प्रश्नपत्रिका वाचली, उत्तरं येत होती. एक उत्तर मनाशी पक्कं केलं आणि माझा डावा हात बाकाखाली गेला. तिथे कोणी नव्हतं. हे बरोबर आहे का, ते कोण सांगणार? ते सोडून पुढचा प्रश्न घेतला, पुन्हा तेच. येत असलेली उत्तरं मी कोरी ठेवून आले. निकालात सगळे विषय निघाले, इंग्रजी राहिलं. वर्गातल्या आणखी काहीजणींचं तसंच झालं होतं.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "शोभा, चूक माझी आहे. मी तुम्हाला लपून उत्तर द्यायला शिकवलं." दुसऱ्या दिवशी रुमाल आला नाही. उत्तर मोठ्याने द्यायचं, चुकलं तरी मोठ्याने, असा नवा कायदा. बायका भडकल्या. "आमी न्हाई यायच्या," असं तोंडावर सांगून निघून गेल्या, आणि खरंच आल्या नाहीत. मीही गेले नाही. मला बाईंचा राग आला होता. बाई रोज खोली उघडून एकट्या बसायच्या. ते सासूबाईंना बघवेना. त्यांचा त्या वर्गाशी काडीचा संबंध नव्हता, पण एके दुपारी निवडायची ज्वारी सुपात घेऊन त्या बाईंसमोर जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "इचारा." बाईंनी इंग्रजीत नाव विचारलं. सासूबाई खणखणीत आवाजात म्हणाल्या, "येस म्याडम!" वय विचारलं, तरी "येस म्याडम!" मी आणि दोघी-तिघी दारातून बघत होतो. हसू आवरेना. बाईही डोळे पुसत हसत होत्या. मग आत जाऊन बसलो, ते रोजचं झालं. चुकायचो, हसायचो, पुन्हा सांगायचो.

ऑक्टोबरला मी एकटीच बसणार होते, बाकीच्या पुढच्या मार्चला. परीक्षा जवळ आली आणि बाईंना अर्धांगाचा झटका आला. नगरच्या दवाखान्यातून घरी आणल्यावर मी भेटायला गेले. श्रीरामपूरहून त्यांची धाकटी बहीण आली होती, ती उशाशी बसली होती. बाईंचा उजवा हात गोधडीखाली होता. मी गोधडीखाली हात घातला आणि त्यांची बोटं दाबली. आतून काहीच आलं नाही. त्या हातात जीवच नव्हता. बाईंनी मान हलवली. वाकड्या झालेल्या ओठांतून शब्द निघायला फार वेळ लागला. "तों...डाने." मग मी त्या खोलीत उभी राहिले आणि पाठ केलेलं नाही, तर माझ्या मनाने जुळवलेलं इंग्रजी मोठ्याने बोलू लागले. माझं नाव, माझी अंगणवाडी, पोरं काय खातात, कोण रडतं. बहिणीसमोर मला जराही लाज वाटली नाही. बाई डोळे मिटून ऐकत होत्या. तीच आमची शेवटची भेट.

सासूबाईंशी मी नंतर कितीतरी दिवस बोलले नाही. बाईंचं तोंड शेवटचं बघू दिलं नाही, हा राग जाता जात नव्हता. त्यांनी आपली बाजू मांडली नाही. एकदा मीच ओरडले, तेव्हा चुलीतलं लाकूड मागे ओढत म्हणाल्या, "तुला सांगितलं असतं तर तू गेली असतीस का पेपराला? न्हाई गेली असतीस. मग बाईनं ज्यासाठी येवढा जीव टाकला त्येचं काय झालं असतं? मला बी लई वाटत हुतं सांगावं... पर मी दातावर दात ठिवून गप ऱ्हायले." त्यांचे डोळे धुराने लाल झाले होते की कशाने, ते मी विचारलं नाही. त्या बरोबर होत्या. तरी मला अजून वाटतं, माझा पेपर बुडाला असता तरी चाललं असतं.

परवा निकाल लागला. गुणपत्रक घेऊन मी नेवाशाहून आले, स्टँडवर उतरले आणि चालायला लागले. कुठे चाललो आहोत ते पायांना विचारलंच नाही. बाईंच्या दारासमोर आले तेव्हा कुलूप दिसलं. बहीण घर बंद करून परत गेली आहे. मी पायरीवर बसले आणि इतके दिवस न आलेलं रडू तिथे आलं.

शेजारच्या यमुनाकाकू अंगण झाडत होत्या. झाडू टाकून जवळ आल्या. "काय गं शोभे, ह्याबी खेपेला ऱ्हायलं का इंग्रजी?"

"न्हाई काकू. निघालं."

"आगं मग रडतीस कशापायी? जा की, सांग समद्यांना."

"ज्यांना सांगायचं त्या..."

काकूंनी कुलपाकडे पाहिलं. मग पदराने पायरी पुसून माझ्याशेजारी बसल्या. "मला सांग," त्या म्हणाल्या. "काय काय लिवलंस, मला सांग."

काकूंना इंग्रजीचं अक्षर कळत नाही. पण त्या उठल्या नाहीत. मी डोळे पुसले, बंद दाराकडे तोंड केलं, आणि पहिल्या प्रश्नापासून अख्खा पेपर त्या दाराला मोठ्याने सांगितला.