आपणहून दिसायला नको

"हे लोक आपणहून दिसायला नकोत. कोणी मुद्दाम शोधलं तरच."

सर म्हणाले आणि स्क्रीनवरच्या जातींच्या यादीत बाण माझ्याच जातीवर नेऊन ठेवला.

कॉलवर सगळी टीम होती. कोणी हसलं नाही. कोणी अडवलंही नाही. सरांना माझी जात ठाऊक होती की नव्हती? त्यातलं जास्त वाईट कोणतं, मला अजून सांगता येत नाही.

कंपनी पुण्याची. मी पांढुर्ण्यात, घराच्या वरच्या खोलीत एकटी बसून काम करायची. लग्न जुळवायची वेबसाइट होती. त्यातली स्थळाची चौकट मी बनवली होती. टेम्पलेटचा छोटा तुकडा. एकदाच लिहायचा, मग हव्या त्या पानावर बोलवायचा. नाव, फोटो, शिक्षण, गाव तेवढं बदलतं. डॉक्टर असो की कपाशीवाला, चौकट तीच. मला ते फार आवडलं होतं.

"तुझ्याच तुकड्यात अट टाक," सर म्हणाले. "एका ओळीचं काम आहे."

खरंच एका ओळीचं. तुकडा जिथं जिथं बोलवला, तिथं तिथं आम्ही गायब.

खाली माय शेजारणीला सांगत होती, "पोरगी लग्नाची साइट बनवून राहिली."

मी माइक सुरू केला. पुण्यासाठी घोकलेली मराठी तोंडात आलीच नाही.

"मी नाही करत, सर. त्या लोकांत मी बी आहो."

"पर्सनल घेऊ नकोस. क्लायंटला हवंय."

मग एकेकानं कॅमेरा बंद केला. स्क्रीनवर माझाच चेहरा उरला.

टीममधली एक मुलगी माझ्याशी रोज गप्पा मारायची. तिनं निरोप पाठवला, 'बरोबर बोललीस.' फक्त मला. सगळ्यांसमोर नाही. त्यानंतर तिच्या रोजच्या गप्पाही थांबल्या.

ती ओळ दुसऱ्यानं लिहिली. माझ्याच चौकटीत. साइट सुरू झाली त्या दिवशी मी राजीनामा दिला.

माय विचारते, "झाली का व साइट?" मी होकाराची मान हलवते, नोकरी सोडल्याचं सांगत नाही. मी रोज वरची खोली उघडते, कामाला बसल्यासारखी बसते, बंद करते.

आज मायला सगळं सांगणार आहे. जातीचं नाव घेऊन. उद्या जवळच सौसरला मुलाखत आहे. नोकरी का सोडली विचारलं, तर 'घरगुती कारण' म्हणणार नाही. अट काय होती आणि कोणासाठी होती, तेच सांगीन. नाही मिळाली नोकरी, तर पुढच्या ठिकाणीही हेच सांगीन.