पायांवरची जागा

वाटलं होतं, बालकेंद्रात दुपट्यांचे ढीग साठतील. साठले ते किस्से! विलायतेहून नर्सिंग शिकून नागपुरात परतताना मी पेटीभर सेफ्टी पिना आणल्या होत्या. महाल भागातल्या बायका माझ्याकडून लंगोट बांधायला शिकतील, घरोघरी गुटगुटीत बाळं खेळतील! इथं पाहते तर लंगोट कुणालाच नको. आई पाय पसरून बसते, दोन महिन्यांचं बाळ पायांवर धरते, ‘शूऽऽ’ म्हणते, की काम झालं.

लंगोटातलं बाळ एकच. चिमणी. बाळंतपणात आई गेली म्हणून केंद्रातच ठेवलेली. बाटली तोंडात धरायची नाही. दिवसेंदिवस वाळत चालली होती.

*

पिना मात्र हातोहात गेल्या! पुढच्या आठवड्यात पाहिलं, तर बायकांच्या पदरांवर.

“लय कामाच्या हायेत जी बाई! आणखी आणा!”

*

सेक्रेटरिएटातले एक कारकून बायकोला न्यायला आले. अंगणात पाच-सहा जणी एका सुरात ‘शूऽऽ’ करत होत्या. कारकून जरा वेळ उभे राहिले, अन् टोपी सावरत मागच्या दाराकडे पळाले!

आमच्या मदतनीस गोदाकाकू म्हणाल्या, “पोट्टं बसलं तसंच, बापालेच लागली!”

*

यमुना सगळ्यांत तरबेज. तिचा गोपाळ कधी भिजलेला दिसला नाही.

“तुला आधी कळतं तरी कसं?” मी विचारलं.

“काहून जी बाई? तुमच्या विलायतेतल्या मायले समजत नाही का?”

सगळ्या हसल्या. मीही हसले.

*

उन्हाळ्यात गोपाळला हगवण लागली. औषध पोटात ठरेना. “आता तरी लंगोट बांधू,” मी म्हटलं. यमुना ऐकेना. दिवसभर त्याला पायांवर धरून बसली. थेंबभरही अंगावर राहू दिला नाही.

“ओल्यात नाही निजवत मी त्याले.”

संध्याकाळी गोदाकाकूंनी तिच्या पायांवरून गोपाळला उचललं. तो गेला होता. अंग अगदी कोरडं होतं.

*

पुढच्या बुधवारी, बाळं दाखवायच्या दिवशी, यमुना आली. एकटी. नेहमीच्या जागी भिंतीला टेकली, पाय पसरले, आणि हळूच म्हणाली, “शूऽऽ.”

आत चिमणी रडत होती. यमुनेची चोळी पुढून दुधानं ओली झाली होती.

गोदाकाकू तिच्याजवळ बसल्या. “घरी चाल वं माय.”

“थांबा ना काकू. त्याची वेळ होऊन राहिली.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चिमणीच्या लंगोटाची पिन काढली, तिला तशीच पदरात घेतली आणि यमुनेच्या घरची वाट धरली.

गोदाकाकू मागून ओरडल्या, “लंगोट तं बांधा जी बाई! रस्त्यात भिजवंल ना तुमाले!”

“भिजवू दे,” मी म्हटलं.