नानांचा विडा आणि नाटकातलं भूत

प्रयोगाला दोन तास उरले होते आणि आमच्या पानदानाची बिजागरी तुटली. त्या नाटकात पानदान म्हणजेच भूत. मेलेल्या सासूचं पितळी पानदान सुनेच्या वाट्याला येतं आणि त्याचं झाकण आपोआप उघडतं, अशी गोष्ट.

मी प्रॉपर्टी सांभाळायचो. नटमंडळी स्टेजवर ज्या वस्तू हाताळतात, ती प्रॉपर्टी. नव्वदच्या दशकात नाशिकच्या हौशी नाटकांत ती अर्धीअधिक कुणाच्या तरी घरूनच यायची. सुनेचं काम करणारी सुषमा म्हणाली, "दादा, आमच्या सासूबाईंचं आहे. आणते." मोपेडवरून आडगावला घरी गेली आणि घेऊन आली.

"घरी विचारलंस ना?"

"नाना मळ्यात होते. प्रयोग संपला की परत ठेवते." मग हळूच म्हणाली, "भूत म्हणून वापरलं हे त्यांना कळलं, तर माझं नाटक कायमचं बंद."

नाना तिचे सासरे, फुलशेती करणारे. सासूबाईंना जाऊन वर्षच झालं होतं.

सुषमा मेकअपला बसली. मी झाकणाला तंगूस बांधला. तंगूस म्हणजे मासे पकडायचा दोरा, प्रेक्षकांना दिसत नाही. विंगेत, म्हणजे बाजूच्या पडद्याआड, बसून तो ओढायचा. आमची भुतं एवढ्यावरच चालतात.

तेवढ्यात मागच्या दारातून टोपीवाले एक आजोबा आत आले.

"सुषमाचा सासरा हाय मी. पानदान इथं हाय ना?"

मी टेबलाकडे बोट दाखवलं.

त्यांनी ओल्या फडक्यातून विडा काढला. "रोज सांजेला ठेवतो, तिच्यासाठी. आज बघतो तर फळी रिकामी. नातू म्हणला, आई नाटकाला घेऊन गेली. द्वारका चौकात लय गर्दी, नायतर कवाच आलो असतो."

विडा आत ठेवताना बोटाला दोरा लागला. "हे काय?"

सांगणं भागच होतं. "नाटकात सासूचं भूत आहे, नाना. ते झाकण उघडतं. सून आत बघते आणि किंचाळते."

नानांनी तो दोरा निरखला. "त्यात किंचाळायचं काय? आमची बायको बी, भांडण झालं की आधी पानदानच उघडायची. विडा लावून पुढं करायची. मिटलं."

"विडा काढून ठेवू?"

"राहू द्या," म्हणाले आणि शेवटच्या रांगेत जाऊन बसले. सुषमाला सांगायला गेलो, तर तिसरी घंटा झाली.

प्रसंग आला. मी दोरा ओढला. झाकण उघडलं. सुषमाने आत पाहिलं आणि किंचाळलीच नाही. तिने विडा उचलला, दोन्ही हातांत धरला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मग तिने तो खाल्ला. दोरा धरून बसलेल्या मलाही समोरचं दिसेना.

पडदा पडताच दिग्दर्शक धावत आला. "किंकाळी कुठे गेली?"

तोवर नाना आत आले होते. सुषमा मान खाली घालून उभी. त्यांनी पानदान उघडलं.

"विडा?"

"मी खाल्ला, नाना."

नानांनी झाकण लावलं. "चुना जास्त नव्हता ना झाला?"

तिने नाही म्हणून मान हलवली. पानदान त्यांनी तिच्याच हातात दिलं.

पुढच्या प्रयोगांतून दिग्दर्शकाने किंकाळी काढून टाकली. विडा मात्र दर वेळी आडगावहून आला. तेव्हापासून कुणाच्या घरून वस्तू आणली, की मी त्या घरच्या माणसासाठी एक खुर्ची राखून ठेवतो.