शेजाऱ्यांची हरकत

सात नंबरच्या बंगल्याच्या पायऱ्यांखाली मी उभा होतो. हातात सोसायटीच्या नियमांचं पुस्तक होतं. बाई वर ओट्यावर.

"पुस्तक कुठं ठेवू, बाई?"

"खाली ठेव. पायरीवर नको. खाली, मातीत."

ठेवलं. चार पावलं मागं सरलो. सांगावं लागलं नाही, सवय होती. मोलकरीण वाटी घेऊन आली. वाटीत गोमूत्र. तुळशीच्या काडीनं तिनं पुस्तकावर शिंपडलं, उलटं केलं, पुन्हा शिंपडलं. मग उचलून बाईंच्या हातात दिलं.

बाई ओली पानं उलटायला लागल्या. मुताचा वास माझ्यापर्यंत आला. छापलेल्या अक्षरांना काही झालं नाही. पण समासात मी शाईनं लिहिलेल्या दुरुस्त्या फुटल्या. निळे ओघळ आले. बाईंना नेमकी तीच ओळ पाहिजे होती.

"हे काय लिहिलंयस? वाचता येत नाही."

मी खालून पाठ म्हणून दाखवलं. कलम एकवीस. म्हैस पाळता येते, गोठा शेजाऱ्याच्या हद्दीपासून दहा हात आत पाहिजे.

आठ नंबरवाल्यांनी म्हैस बांधली होती, त्याची ही तक्रार. बाई गोमूत्राची बोटं नाकाशी धरून म्हणाल्या, "वास येतो हो, घाण. या सोसायटीत स्वच्छतेचा काही नियम आहे की नाही?"

मी म्हणालो, "आहे, बाई. कलम तेवीस."

आणि वहीत तक्रार लिहून घेतली.

मी महार. तेल्हाऱ्याकडच्या एका खेड्यातला. अमरावतीला बोर्डिंगात राहून मॅट्रिक झालो. आमच्या गावात तोवर कोणी झालं नव्हतं. कॅम्पाच्या पलीकडं मोकळ्या जमिनीवर वकील, डॉक्टर, पेन्शनर साहेब अशा लोकांनी मिळून घरबांधणीची सोसायटी काढली होती. तिला कारकून पाहिजे होता. सेक्रेटरी वकील होते. सुधारक म्हणून त्यांचं नाव. सभेत ते जातिभेदावर बोलत, लोक टाळ्या वाजवत. माझं अक्षर पाहून त्यांनी मला ठेवून घेतलं. पाहुणे आले की मला हाक मारून दाखवत. "हा आमचा कारकून. त्यांच्यातला आहे बरं का! पण अक्षर बघा." पाहुणे अक्षर बघत. मी पायऱ्यांखाली उभा.

बसायला मला फाटकाजवळ टिनाची खोली होती. उन्हाळ्यात तिथं बूड टेकवत नसे. पाणी चौकीदार वरून ओतायचा, मी ओंजळीनं प्यायचो. चौकीदार नसला की तहानलेलंच बसायचं.

काम एकच. शेजाऱ्याशेजाऱ्यांच्या तक्रारी लिहून घ्यायच्या आणि नियम काय म्हणतो ते सांगायचं. शिकलेली माणसं, पण काय काय घेऊन यायची! अमक्याच्या लिंबाचा पाला आमच्या अंगणात पडतो. तमक्याची मोरी आमच्या भिंतीला ओल देते. मोर्शीहून संत्र्यांची टोपली आली की ते लोक साली कुंपणावरून इकडं टाकतात. त्यांचा ग्रामोफोन दुपारी निजू देत नाही. दोन सख्खे साडू पाच बोटं भिंतीसाठी वर्षभर एकमेकांशी बोलले नाहीत. मी टेप घेऊन भिंत मोजली, कलम सांगितलं, दोघंही गप्प झाले. माझा शब्द त्यांना चालायचा. माझ्या हातचं पुस्तक चालायचं नाही.

आणि मला अभिमान वाटायचा. हे सांगताना आजही किळस येते. त्यांची नाही, माझी. सगळी कलमं तोंडपाठ असल्याचा अभिमान. त्यांच्यासारखं बोलता येतं याचा अभिमान. घरी गेलो की आई म्हणायची, "बोलते तर कसा, सायेबावानी!" मी हसायचो. मातीत ठेवलेल्या पुस्तकाची गोष्ट तिला कधी सांगितली नाही.

तीन वर्षं अशी गेली.

मग एका सकाळी दुर्पताबाई आल्या.

दुर्पताबाई जनाना दवाखान्यातल्या नर्स. आमच्याच समाजातल्या. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. मिशनच्या मडमेकडं शिकून परीक्षा दिलेली बाई. पन्नाशी उलटली होती. पांढरं लुगडं, पायात काळे बूट. त्या थेट माझ्या खोलीत शिरल्या आणि माझ्याजवळ बाकावर बसल्या. त्या बाकावर माझ्याजवळ तोवर कोणी बसलं नव्हतं.

"बाप्पा, कोपऱ्यातला पलाट खाली हाय म्हणते. सात नंबराच्या बाजूचा."

"आहे, मावशी."

"नियम वाच. पुरा वाच. गडबड करू नको."

मी वाचला. अर्जदार सज्ञान असावा. जिल्ह्यात राहणारा असावा. चालचलणूक चांगली असावी. दोन वर्षांत घर बांधावं.

"यात कोण्या कलमात माही जात लिहिली हाय का?"

"नाही."

"मंग घे अर्ज लिहून. सही मी करतो."

मी टाक उचलला नाही. म्हणालो, "मावशी, दुसरीकडं पाहिलं तर? इथले लोक..."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. रोग ओळखावा तसं.

"तू कोणाच्या बाजूनं बोलून राहिला रे?"

मी टाक शाईत बुडवला. मी अर्ज लिहिला. त्यांनी खाली ठळक सही केली. मग दारातून बंगल्यांकडं बोट दाखवून सांगायला लागल्या. "ते चार नंबर दिसते ना? तिथं जुळे झाले. माह्याच हातानं. आठ नंबरातली बाई वाचत नव्हती, डाक्टरीणबाईनं हात टेकले होते. अन् हे सात नंबर. पोरगं पायाळू. बाई दोन दिवस अडली. मी हात घालून फिरवलं तवा जगलं. बोलवाले येतेत तवा मागच्या दारानं नेतेत. म्हणून म्हटलं, पुढचं दार कसं असते ते पाहाव एक डाव."

आणि हसल्या.

नियमाप्रमाणं अर्जाची नोटीस फाटकावर लावायची. पंधरा दिवसांत कोणा सभासदाची हरकत असेल तर कारकुनानं ती वहीत नोंदवायची. मी नोटीस लावली. दुसऱ्याच दिवसापासून बोलावणी सुरू झाली.

मी दारोदार गेलो. पायऱ्यांखाली उभा राहिलो. वही गुडघ्यावर ठेवून लिहीत गेलो. एक जण म्हणाले, आमच्या विहिरीचं पाणी बाटेल. एक म्हणाले, आमचं काही नाही हो, पण मुलींची लग्नं व्हायची आहेत. एका डॉक्टरांनी सांगितलं, आरोग्याच्या दृष्टीनं योग्य नाही. दवाखान्यात रोज दुर्पताबाईंनी उकळून दिलेली हत्यारं हे हातात घेत. मी लिहिलं. माझ्या सुंदर अक्षरात, रेघ सोडून, समास सोडून. माझ्या आईबद्दल, माझ्या वस्तीबद्दल, माझ्या रक्तामांसाबद्दल ती माणसं माझ्यासमोर बोलत होती आणि मधेच थांबून विचारत होती, "लिहिलंस ना नीट?"

शेवटी सात नंबर.

"लिही," बाई म्हणाल्या, "शेजार म्हणजे चोवीस तासांचा संबंध. वारा इकडून तिकडं जातो. त्यांच्या चुलीचा धूर आमच्या देवघरात येणार. आम्हाला हे सहन होणार नाही."

त्यांचा मुलगा ओट्यावर लाकडी घोडा ओढत होता. पाच वर्षांचा, गुटगुटीत. पायाळू.

माझ्या तोंडून निघून गेलं, "बाई, याच्या वेळी तुमच्याकडं त्याच आल्या होत्या ना?"

बाई चिडल्या नाहीत. न समजणाऱ्याला समजावतात तसं म्हणाल्या, "अरे, अडचणीत सगळं चालतं. ती गेली, आम्ही न्हालो, घर धुतलं, झालं. म्हणून शेजारी आणून बसवायची का?"

हेही मी लिहिलं. शब्द न् शब्द. घरी आलो तर जेवण गेलं नाही. आईनं कपाळाला हात लावून पाहिलं. ताप नव्हता.

कमिटीची सभा सेक्रेटरीसाहेबांच्या ओट्यावर भरली. सातआठ जण खुर्च्यांवर. मी पायरीखाली, सभेचं रजिस्टर घेऊन. चिवडा-लाडवाच्या बशा फिरत होत्या.

साहेबांनी माझ्याकडून हरकती वाचून घेतल्या. मग म्हणाले, "मंडळी, यातलं एकही कारण कायद्यात बसत नाही. अर्ज नाकारला तर बाई सरकारी रजिस्ट्रारकडं जाईल. नाव खराब होईल. माझं तर जास्तच."

साहेबांनी आवाज खाली आणला.

"पण वाट आहे. गेल्या वर्षीच्या सभेच्या वृत्तान्तानंतर रजिस्टरात अर्धं पान कोरं सुटलंय. तिथं एक ठराव घालू. नव्या सभासदाला लगतच्या शेजाऱ्यांची लेखी संमती पाहिजे. तारीख गेल्या वर्षीची. म्हणजे हा नियम बाईंसाठी केला असं कोणी म्हणणार नाही."

कोणीतरी म्हणालं, "पण अक्षर?"

साहेबांनी माझ्याकडं बोट केलं. "अक्षर याचंच. तेव्हाही याचंच होतं. आणि नकाराचं पत्रही हाच नेऊन देईल. त्यांच्यातल्याच माणसानं सांगितलं म्हणजे तिलाही वाईट वाटणार नाही. उद्या कोणी ओरडलं तर आपण सांगू, आमचा कारकूनच त्यांच्यातला आहे, आम्ही कसला भेद करतो?"

हसले सगळे. मोकळे होऊन हसले. डॉक्टरांनी बशीतला एक लाडू उचलला आणि माझ्याकडं वाकून म्हणाले, "घे."

वरून सोडला. आणि माझे हात आपोआप पुढं झाले. ओंजळ झाली. लाडू ओंजळीत पडला.

तुपाचा लाडू. हाताला तूप लागलं. मला कळेना, हे हात कोणाचे? मी सांगितलं नव्हतं त्यांना. डोकं नाही म्हणत होतं आणि हात पुढं झाले होते. तीन वर्षांत या लोकांनी माझे हात शिकवून ठेवले होते. आता त्याच हातांनी ठराव लिहायचा होता.

मी लाडू पायरीवर ठेवला. हात धोतराला पुसले. म्हणालो, "मी नाई लिहत."

"काय म्हणालास?"

"मी लिहून नाई राहिलो."

तीन वर्षं त्या ओट्यापुढं मी त्यांच्या बोलीत बोललो होतो. त्या दिवशी माझी बोली तोंडात आली. आपोआप.

साहेबांचा चेहरा पडला. मग तापला. "तुला मी माणसात आणलं. विसरलास?"

"तीन साल मी तुमाले सगळ्यायले नियम दाखवला. भिंतीचा दाखवला, मोरीचा दाखवला, म्हशीचा दाखवला. आज तुमी मले दाखवा. दुर्पताबाईले घर नाई बांधता येत, हे कोण्या कलमात हाय?"

चिवडा चावल्याचा आवाज तेवढा येत होता. एकाचं खाणं त्यातही चालूच होतं.

मी रजिस्टर उघडलं. गेल्या वर्षीचं पान काढलं. कोऱ्या भागावर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तिरपी रेघ मारली. वर लिहिलं, 'ही जागा कोरी होती.' खाली सही केली आणि त्या दिवसाची तारीख टाकली. मग पायऱ्या चढलो. एक, दोन, तीन, चार. ओट्यावर गेलो आणि रजिस्टर साहेबांच्या पुढं धरलं.

साहेबांनी हात मागं घेतले. भाषणात टाळ्या घेणाऱ्या सुधारकांनी. सगळ्यांनी ते पाहिलं. मी हलवलं नाही, तसंच धरून उभा राहिलो. शेवटी त्यांनी उपरण्याचं टोक हातावर घेतलं आणि रजिस्टर धरलं.

"चालता हो. उद्यापासून येऊ नकोस."

"परवापासूनही नाई येत," मी म्हणालो आणि उतरलो. मागं पायऱ्यांवर बादली ओतल्याचा आवाज आला. मान वळवली नाही.

लोकांना वाटतं, पुढं न्याय झाला असेल. झाला नाही. दुसरा कारकून ठेवला. ठराव नव्या पानावर, नव्या तारखेनं लिहिला आणि जुन्या अर्जाला लावला. दुर्पताबाई आणि मी सरकारी कचेरीत गेलो. मी हरकती जशाच्या तशा लिहून दिल्या, सात नंबरच्या बाईंचं वाक्यसुद्धा. तिथल्या अंमलदारानं वाचलं, कागद बाजूला ठेवला आणि म्हणाला, आपापसात मिटवा. कोपऱ्याचा प्लॉट एका कापसाच्या दलालाला गेला. त्याच्याविषयी कोणा शेजाऱ्याची संमती कोणी मागितली नाही.

त्यानंतर महिन्याभरात चार नंबरातून दुर्पताबाईंना टांगा आला. सून अडली होती. मी मावशींच्या घरीच होतो. म्हणालो, "मावशी, जाऊ नका. मरू द्या."

त्या माझ्यावर ओरडल्या. "त्या पोरीनं काय केलं? तिनं ठराव लिहिला का?" बॅग उचलली. टांगेवाल्याला म्हणाल्या, "जाऊन सांग. पुढचं दार उघडत असान तर येईन. नाई तर डाक्टरीणबाईले घेऊन जा."

टांगा गेला आणि परत आला. पुढचं दार उघडलं होतं. बाळ झालं, मुलगी. मावशी पुढच्या दारानंच निघाल्या. मागं घर धुतलं असेलच. मावशी म्हणाल्या, "धुऊ दे. दार तर उघडलं."

मला तेवढ्यानं भागत नाही. मी मावशींइतका मोठा नाही. मला त्या ओट्याची, त्या बशांची, त्या हसण्याची अजून शिसारी येते आणि ती जावी असं मला वाटत नाही.

आता मी कचेरीच्या बाहेर चटई टाकून लोकांचे अर्ज लिहितो. विहिरीचे, शाळेचे, वाटेचे. लिहिण्याआधी नियम पुरा वाचून दाखवतो. ज्याचा अर्ज त्याला प्रत्येक कलम समजलं पाहिजे.

आणि दर वर्षी त्या सोसायटीत मी स्वतःच्या नावानं अर्ज टाकतो. जात लिहितो, ठळक. तिथं खाली प्लॉट असो नसो. निरोप येतो, शेजाऱ्यांची हरकत आहे. मी उलट पत्र पाठवतो. कोण शेजारी? कोणती हरकत? नाव लिहा, कारण लिहा, खाली सही करा. तोंडी चालणार नाही. लिहायला कोणी तयार होत नाही. मी अर्ज मागं घेत नाही.

इंग्रज जाणार, राज्य आपलं होणार, असं सगळे म्हणून राहिले. ते सेक्रेटरीसाहेबही सभेत तेच म्हणतात. होवो. ज्या दिवशी होईल त्या दिवशी त्यांच्या टेबलावर पहिला अर्ज माझा असेल. त्यांना हातानं घ्यावा लागेल. मी खाली ठेवणार नाही.