बेलवाल्या मामीचे आजारपणाचे सिनेमे

औंढ्याला नागनाथाच्या देवळाबाहेर बेल-फुलं विकणारी मामी आजारपणाचा सिनेमा बघायला बसायची ती टॉवेल घेऊन. रुमाल पुरत नाही म्हणायची. टीव्हीवरची नायिका नुसती खोकली तरी मामीचा हुंदका गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. गल्लीत नवीन राहायला आलेले लोक घाबरून विचारायला यायचे, कोण गेलं म्हणून. सिनेमा संपला की मामी टॉवेल दोरीवर वाळत घालायची आणि म्हणायची, "लई बरं वाटलं बाई."

मी तिच्या दुकानावर हार ओवायला बसायची. पलीकडे रहीमचाचांचं बांगड्यांचं दुकान. त्यांना हे सिनेमे मुळीच पटत नसत. "मामी, दूसरों की बीमारी दिखाके पैसा कमाते ये लोगां. आंसू का धंदा है," ते म्हणायचे.

"मंग मी काय करते?" मामी म्हणायची. "नागनाथानं कवा बेल मागितला का मला? माणसाला वाहावा वाटते, म्हणून मी इकते."

"तुम्हारा बेल तो असली है."

"माझं रडणं बी असलीच हाय."

यावर चाचा बांगड्यांवरची धूळ झटकायला लागायचे.

तरी मामी आंधळेपणानं बघत नव्हती. एकदा नायिका शेवटची घटका मोजत होती आणि सगळे रडत होते, तेव्हा मामी मध्येच थांबली. "इतकी दुखणाईत बाई, अन् उशीची खोळ पांढरीफटक कशी? कोण धुऊन राहिलं?" एवढं विचारून ती पुन्हा रडायला लागली.

मग तिचंच पोट दुखायला लागलं. मुलानं नांदेडला नेऊन तपासण्या केल्या आणि घरी येऊन सांगितलं, पित्त आहे. तेव्हापासून मामीच्या घरी चमत्कार सुरू झाले. सून न मागता चहा द्यायला लागली. रोज शिरा व्हायला लागला. आणि टीव्हीवर आजारपणाचा सिनेमा लागला की नेमकी मामीच्या घरची केबल जायची. मुलगाच मागून वायर काढून ठेवायचा. आईला तसलं काही दिसू नये, एवढाच त्याचा हेतू होता.

"साऱ्या गल्लीची केबल चालू, आमचीच काहून जाऊन राहिली?" असं म्हणत मामी एका दुपारी टॉवेल घेऊन माझ्या घरी आली. सिनेमात एका बाईपासून घरचे तिचा आजार लपवत होते. हसून बोलत होते, गोडधोड खाऊ घालत होते. मी मामीच्या रडण्याची वाट बघत होते. टॉवेलची घडी मोडली नाही.

सिनेमा संपल्यावर ती म्हणाली, "मला काय झालं, खरं सांग."

तिच्या सुनेनं मला खरं काय ते सांगितलं होतं, पण मामीला न सांगण्याची शपथही घातली होती. मी दाराकडं बघायला लागले.

"दाराकडं नको बघू. तुला खोटं बोलता येत न्हाई. खोटं बोलायला बी तोंड उघडावं लागते."

मी सांगितलं. पोटात गाठ आहे, वाईट आहे. डॉक्टर इलाज करू म्हणतात, पण या वयात तुम्हाला तकलीफ नको म्हणून मुलगा नको म्हणतो. एवढं मी आयुष्यात एका दमात बोलले नव्हते. मामीनं मांडीवरच्या टॉवेलची घडी सारखी केली. मग म्हणाली, "सिनेमातल्या बाईला तर शेवटापर्यंत कळलं न्हाई. मी हुशार निघाले."

घरी जाऊन तिनं आधी मुलाला वायर लावायला लावली. मग त्याला समोर बसवलं. "पोटात माझ्या दुखते. मग मला न इचारता माझा इलाज काहून ठरवून राहिलास?" मुलगा रडला. दुसऱ्याच आठवड्यात ती इलाजाला गेली.

परत आली ती डोक्याला पदर घट्ट बांधून. "चाचा, तुमचं बराबर होतं," ती दुकानावरूनच म्हणाली. "लई लबाड असतेत हे सिनेमे. बायाचे केस जातेत, अन् भुवया कोरलेल्या तशाच. माझ्या पापण्या बी गेल्या. उलटी तर त्यात कोणाला होतच न्हाई."

"मैं बोल्या था," चाचा म्हणाले.

"पण घरचे लोक कसे गप्प बसतेत, ते खरं दाखवतेत. ते पाहिलं नसतं तर मी पित्ताच्या गोळ्या खात बसले असते."

या वेळी चाचांनी धूळही झटकली नाही.

इलाजानं मामीला एक हिवाळा आणि एक उन्हाळा मिळाला. त्यात तिनं एकेकाला बोलावून जे सांगायचं ते सांगितलं. "मरताना भाषण करतेत ते सगळं झूट," ती म्हणायची. "तवा दम कुठून आणायचा? आताच ऐका." सुनेला म्हणाली, "तू चांगली हाईस, पण वरणात मीठ लई टाकतीस. इतकी वर्षं सांगितलं न्हाई." मुलाला वायरीबद्दल माफ केलं. चाचांना सांगितलं, "तुमच्यासंग भांडण्यात दिवस चांगला गेला." मला म्हणाली, "घरच्या साऱ्यायमधी तूच एक बोललीस, अन् तू तर घरची बी न्हाई."

शेवटी ती फक्त श्वास घेत होती. पाहुण्यांपैकी कुणीतरी म्हणालं, जवळ जाऊन बघा, काही सांगायचं असेल. सुनेनं नकारार्थी मान हलवली. मामीच्या तोंडाशी कुणी कान नेला नाही. आम्ही नुसते तिच्याजवळ बसून राहिलो.