निरांजन आणि दोन डबे

वारंगा फाट्यावर तातेरावांचा रुबाब होता तो पेट्रोलमुळे. निजामाच्या अमलातले दिवस. हिंगोलीहून नांदेडला जाणारी मोटार दिवसाकाठी एकदा धुरळा उडवत जायची, आणि फाट्याजवळ आली की हटकून तिचं पेट्रोल संपायचं. म्हणून ड्रायव्हर रूपसिंगानं पेट्रोलचा एक चौकोनी डबा, पितळी फिरकीच्या झाकणाचा, तातेरावांच्या घरी ठेवला होता. माणूस तसा साधा कापूसवाला शेतकरी, पण डबा आल्यापासून गडी हवेतच चालायला लागला.

रूपसिंगानं शिकवलेलं मात्र त्यांनी तोंडपाठ केलं होतं. डबा गळका नसावा, काठोकाठ भरू नये, झाकण घट्ट लावावं, सावलीत ठेवावा, भरताना खाली मातीवर टेकवावा, आणि जवळपास बिडी नको. येणाऱ्याजाणाऱ्याला ते हे ऐकवत. ओसरीवर कुणी बिडी शिलगावली की पाटील असो की पोलीस, त्याला सरळ हाकलून देत. लोक वैतागत, पण ऐकत.

घोळ घातला तो त्यांनीच. डबा इतका आवडला, की तसलाच एक जुना रूपसिंगाकडून मागून घेतला आणि त्यात घरचं घासलेट भरलं. ओळख राहावी म्हणून पेट्रोलच्या डब्यावर शेंदराचा पट्टा ओढला. झालं, एवढ्यावर स्वारी निर्धास्त!

त्या खंडेनवमीला सकाळीच ते ओढ्यावर बैल धुवायला गेले होते. परत आले आणि दारातच थबकले. आत भिंतीशी कुळव, विळे, कुऱ्हाड मांडलेली, आणि शेजारी दोन्ही डबे, राखेनं घासून लख्ख. शेंदराचा पट्टा कुठल्या कुठे गेलेला. पितळी झाकणं चिंचेनं उजळून खिडकीत वाळत ठेवलेली. उघड्या डब्यांना हळदीकुंकू वाहिलेलं, पुढं उदबत्ती आणि तुपाचं निरांजन, आणि त्यांची बायको मंजुळाबाई हात जोडून बसलेली. घराचं पोट भरणाऱ्या हत्यारांची त्या दिवशी पूजा करायची, मग डब्यांनी तरी काय घोडं मारलं होतं?

तातेरावांच्या डोक्याचा पार भुगा झाला. ओरडावं, तर ती दचकून उठणार आणि पदर निरांजनावर जाणार. पेट्रोलचा डबा उचलावा, तर कोणता? दोन्ही जुळे भाऊ. वास घ्यावा, तर खोलीभर एकच दर्प. दिवा विझवावा, तर सणाचा दिवा, तोही नवऱ्याच्या हातानं! काहीच सुचेना.

शेवटी कसंबसं म्हणाले, "पाव्हणे आले हायेत. जरा भायेर ये, सावकाश."

मंजुळाबाई पदर सावरत अंगणात गेली. तातेराव आत शिरले, तांब्यात बोटं बुडवून निरांजनाची वात चिमटीत मुरगळली, उदबत्ती पाण्यात बुडवली. मग दोन्ही डबे एकेक करून अंगणात आणले.

पाहुणे कुठंच नव्हते आणि दिवा मात्र विझलेला. मंजुळाबाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. भरल्या सणाला असं अभद्र करायला यांना झालं तरी काय? तातेरावांना धड सांगता येईना. त्यांनी एका डब्यातला थेंब तिच्या तळहातावर टाकला. तो तेलकट होऊन तिथंच राहिला. दुसऱ्या डब्यातला थेंब दुसऱ्या हातावर टाकला. हात गार पडला आणि बघता बघता थेंब उडून गेला. हे पेट्रोल, ते अडखळत म्हणाले. याची नुसती वाफ पेट घेते. दिवा हातभर लांब असला तरी घर गेलं असतं, तीही गेली असती.

मंजुळाबाईनं तळहात पदराला पुसले.

"आख्ख्या फाट्याला सांगून राहिलेत तुमी," ती म्हणाली. "मला काहून न्हाई सांगितलं?"

तातेरावांनी आठवून आठवून पाहिलं. खरंच, कधीच सांगितलं नव्हतं.

"तू कुठं बिडी वढतेस," ते पुटपुटले.

"व्हय. अन् या घरात रोज चूल कोन पेटवतंय?"