सूज उतरेपर्यंत

काल गारखेड्यातल्या दवाखान्यात नर्स माझ्या मुलीला इंजेक्शन देत असताना स्पिरिटचा वास आला आणि मला वडिलांच्या ऑपरेशनची दुपार आठवली. वडील लासूर स्टेशनकडचे मेंढपाळ. हृदयाची झडप बदलायला त्यांना आम्ही शहरात आणलं होतं. सकाळीच आत नेलं होतं, पण दुपार कलली तरी काही निरोप येईना. ऑपरेशन थिएटरबाहेर आई भिंतीला टेकून खाली फरशीवर बसली होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. शेवटी सर्जन बाहेर आले. कपाळावर टोपीचा वळ उमटलेला. मी पुढं झालो, तर ते मला ओलांडून आईसमोर उकिडवे बसले. "मावशी, झडप बसलीय. पण हृदयाचा स्नायू लई सुजलाय. आत्ता छाती बंद केली तर त्याच्यावर दाब येईल. म्हणून दोन दिवस वरून झाकून उघडीच ठेवतोय." आईनं बोटाला गुंडाळलेला पदर सोडला. मग म्हणाली, "बराबर हाय. मेंढीचा पाय सुजला तर आमी बी पट्टी आवळत नाय. आधी सूज उतरू देतो." थकलेले डॉक्टर हसले. "व्हय मावशी, अगदी तेच." तिसऱ्या दिवशी सूज उतरली, छाती बंद केली, आणि महिन्याभरात वडील घरच्या ओसरीवर बसू लागले. त्यांचा जीव वाचवल्याबद्दल मी त्या डॉक्टरांचा ऋणी आहेच; पण शिकलेल्या मला सोडून ते आधी आईशी बोलले, हे उपकार मला त्याहून थोडेसुद्धा कमी वाटत नाहीत.